फिरता पूल आणि वर्तुळातली खुर्ची

ही गोष्ट तुम्हाला खोटी वाटणार. वाटू दे. आजवर मी जेवढ्या खऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या एकीवरही आल्डेझील गावात कोणी विश्वास ठेवलेला नाही. माझ्या थापा मात्र लोकांनी रविवारी चर्चच्या पायरीवर एकमेकांना सांगितल्या आहेत. तेव्हा मला सवय आहे. माझ्या पुलाने एका दुपारी मला कोंडून ठेवलं, तेही एक खिळा न मोडता आणि एक तार न तुटता, असं मी म्हटलं की नावाड्यांच्या क्लबात वोपके हातातला कॉफीचा कप खाली ठेवतो.

"कोंडलं म्हणजे? दार लागलं?"

"दार सताड उघडं होतं."

"मग?"

"तेच तर सांगतोय."

वोपके निवृत्त होऊन आमच्या गावात राहायला आला. जन्म त्याने मोठ्या जहाजांवर काढला, त्यामुळे कालवा म्हणजे त्याला अंघोळीचा टब वाटतो. त्याला सगळं मुळापासून सांगावं लागतं. बाकीच्यांनी ऐकलेलं आहे, पण बाहेर असा वारा सुटलाय की घरी जायची घाई कोणालाच नाही. रिन्स्के, माझी बायको, खिडकीपाशी मोजा विणत बसली आहे. तिचं लक्ष टाक्यांत असतं असं मी धरून चालतो.

तर आमचा पूल वर उचलला जात नाही, फिरतो. कालव्याच्या मधोमध दगडी खांब आहे, आणि त्यावर पूल जात्याच्या वरच्या तळीसारखा बसवलेला. पूलवाल्याची खोली पुलावरच, बरोबर मध्यावर. पूल मिटलेला असला की रस्ता सलग. शिडाची बोट आली की तो पाव फेरा फिरवायचा. मग तो कालव्याच्या लांबीत उभा राहतो, बोट बाजूने निघून जाते, आणि तेवढ्या वेळात पूलवाला बेटावर. चारी बाजूंनी पाणी. माझा बाप असाच बेटावर असायचा, आजा असायचा. पण त्यांच्या हातात एक लोखंडी दांडा होता. दांडा फिरवला की पूल फिरायचा. तो दांडा पुलांच्या खात्याने नेला आणि संग्रहालयात काचेखाली ठेवला. मी एकदा बघायला गेलो, तर तिथली बाई म्हणाली, हात लावू नका.

त्याच्या बदल्यात कॉम्प्युटर दिला. पहिला कॉम्प्युटर वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. पडद्यावर एक हिरवं बटण, एक लाल. हिरवं दाबलं की पूल उघडायचा, लाल दाबलं की मिटायचा. शेजाऱ्याच्या कुत्र्याने एकदा माझ्यामागे बोट सोडली होती, आणि माझ्यापेक्षा नीट सोडली होती.

"कुत्र्याने," वोपके म्हणाला.

"उजव्या पंजाने."

आता एक गोष्ट कुठे लिहिलेली नाही, पण आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. उघडा पूल सोडून पूलवाला हलत नाही. रस्ता अचानक संपतो आणि पुढे पाणी असतं. तिथे नजर ठेवायला माणूस हवा. आजाच्या काळात शेजारच्या गावचा पूलवाला उघडा पूल टाकून बायकोने हाक मारली म्हणून होडीने घरी गेला, आणि बेकरीवाला गाडी आणि पावांसकट कालव्यात. पावांची भरपाई झाली, बेकरीवालाही पोहून निघाला. पण त्या पूलवाल्याच्या नातवंडांना आजही दुकानात कोणी आधी जा म्हणत नाही.

आणि आता वाढदिवस. रिन्स्केचा वाढदिवस जूनमध्ये येतो. जूनमध्ये कालव्यात बोटी अशा येतात की एकीच्या शिडात दुसरीची हवा अडते. मग पूलवाला कसला घरी जातो. घरी वर्तुळ बसलेलं असायचं, म्हणजे भिंतीला पाठ लावून गोल मांडलेल्या खुर्च्या, येईल तो प्रत्येकाशी हात मिळवून "अभिनंदन" म्हणणार, बायकोचं अभिनंदन, मेहुणीचं अभिनंदन, शेजारणीचंसुद्धा, मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. एकच. आणि लग्न झाल्यापासून दर वर्षी लोक दारात विचारायचे, गेर्लोफ कुठाय? पुलावर.

त्या वर्षी तिला पन्नास वर्षं पुरी होत होती. पन्नाशीच्या बाईच्या अंगणात आमच्याकडे गवत भरलेली म्हातारी बाहुली बसवतात. तिच्या बहिणींनी ती आदल्या रात्रीच आणून बसवली होती, माझी टोपी घालून. सकाळी रिन्स्केने माझ्यापुढे ब्रेड ठेवला आणि म्हणाली, "मला भेटवस्तू नको."

"मी आणलेली नाही."

"माहीत आहे. वर्तुळात एक खुर्ची तुझी. चार वाजता केक कापीन, तेव्हा तू त्यात बसलेला हवास."

"आणि नसलो तर?"

"तर काही नाही. मी काही बोलणार नाही."

आता आमच्या घरात रिन्स्के बोलत असते तोवर सगळं ठीक असतं. ती कडाडली तर मी शांत झोपतो. पण ती काही बोलली नाही, असं आयुष्यात दोनदा झालंय, आणि दोन्ही वेळा मी घराचं छप्पर नवीन घातलंय. मी शब्द दिला. खात्याकडून परवानगी काढली: दुपारी तीन वाजता पूल मिटवायचा, कुलूप घालायचं, घरी जायचं. कोट पुलावरच नेऊन खुंटीला लावला होता.

तीनला थोडा वेळ होता तेव्हा दक्षिणेकडून एक बोट आली. पांढरी, लांब, चमकणारी. तिकडच्या हॉलंड प्रांतातल्या शहरातला कोणी दंतवैद्य. त्याने तीनदा भोंगा वाजवला. आमच्या फ्रीस्लंडचा माणूस एकदा वाजवतो आणि वाट बघतो. मी "बंद" म्हणून हात हलवला असता तर तो थांबला असता. पण शीड दिसल्यावर पूल न उघडणं माझ्या हाताला येत नाही. उघडला. दंतवैद्य टोपी हलवत गेला. मी लाल बटणाकडे बोट नेलं, आणि तेवढ्यात मध्येच एक चौकोन आला.

तो चौकोन महिनाभर रोज यायचा. "नवं रूप तयार आहे. आता घ्यायचं की नंतर?" मी डावीकडचं "नंतर" दाबायचो. न बघता, पायात बूट घालावेत तसं. त्या दिवशीही दाबलं. पण त्या दिवशी डावीकडे "आता" होतं. त्यांनी जागा बदलली होती.

"मुद्दाम?" वोपके म्हणाला.

"मी कोणावर आरोप करत नाही. मी फक्त म्हणतो, डावीकडे 'आता' होतं."

पडदा निळा झाला. मध्ये एक गोल फिरायला लागला, आणि खाली, "थोडा धीर धरा. सगळं अधिक सोपं होत आहे."

एव्हाना पूर्वेच्या काठावर हेसलचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता, मागे शेणाच्या पाण्याची टाकी. ऊन होतं. हेसल खाली उतरला आणि पुलाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "गेर्लोफ, लेका, मिटव की."

"सोपं होतंय," मी म्हणालो.

"काय?"

"सगळं."

मग पडदा उजळला. हिरवं बटण नाही. लाल बटण नाही. कोपऱ्यात फुली नाही, खालची पट्टी नाही, वेळसुद्धा नाही. नुसत्या रंगीत फरश्या, न्हाणीघरात असतात तशा, आणि त्या सरकत होत्या. एकीत हवामान. एकीत माशाचं कालवण. एकीत एका मुलीचा हसरा चेहरा, ती कोण, देव जाणे. एकीवर पुलाचं चित्र होतं. दाबलं. सूर्योदयाच्या वेळचा एक सुंदर पूल आला, आमचा नव्हे, कुठल्यातरी डोंगरातला, आणि तो पडदाभर पसरला. त्यातून बाहेर यायचा रस्ता नाही. मी पुलावर अडकलो होतो, तो आता पुलाच्या चित्रातही अडकलो.

दंतवैद्य पुढे गेला नव्हता. बोट काठाला बांधून तो वाईन पीत बसला होता. "अहो, घरी माझ्याकडे हेच आहे. फार सोपं आहे. तिथे दाबा."

"कुठे?"

"तिथेच. वरून खाली. नाही, बाजूने आत. तुम्ही विचार करू नका, आपोआप होतं."

मी विचार न करता खात्याला फोन लावला. संगीत वाजलं. संगीत इतकं वाजलं की हेसलच्या ट्रॅक्टरच्या चाकांवर शेवाळ आलं, आणि मागे उभ्या राहिलेल्या सायकलवाल्यांत एका जोडप्याची ओळख झाली, प्रेम जुळलं, भांडण झालं आणि दोघं वेगवेगळ्या वाटांनी परत गेले. मग एक मुलगी बोलली. नाव फेना.

"तुमचा पूल आमच्याकडे मिटलेला दिसतोय," फेना म्हणाली.

"मी त्यावर उभा आहे. उघडा आहे."

"इथे मिटलेला आहे. मग तुमची अडचण काय आहे?"

"लाल बटण कुठे गेलं?"

"बटणं काढून टाकली. लोक गोंधळायचे. आता पडद्याच्या कडेवरून बोट आत ओढा."

"पडद्याला बोट कळत नाही. माझ्याकडे माउस आहे."

"मग माउसला बोट समजा."

मी समजलो. माउसला समजलं नाही. फेना म्हणाली, सगळ्यांना नवं रूप आवडलंय. मी विचारलं, कोणाला विचारलंत? ती म्हणाली, ज्यांना आवडलं त्यांना. मुलगी वाईट नव्हती. तिच्या आवाजावरून मला वाटलं, तिच्यासमोरही त्याच फरश्या आहेत आणि तीही कुठेतरी जायचं सोडून तिथे बसली आहे. मग फोन आपोआप तुटला, आणि पुन्हा लावला तेव्हा संगीत पहिल्यापासून सुरू झालं.

मी माउस कडेवरून आत ओढला. वरून खाली ओढला. तिरका ओढला. आणि पूल हलला.

आता वोपके, तुझा कप घट्ट धर. पूल मिटायच्या दिशेने निघाला, मी कोट खुंटीवरून काढला, रस्ता रस्त्याला भिडला, आणि पूल थांबलाच नाही. पुढे गेला. पुन्हा उघडला, पुन्हा भिडला, पुन्हा पुढे. जत्रेतल्या पाळण्यासारखा गोल. एका काठावर हेसल, दुसऱ्यावर दंतवैद्य, आणि मी दोघांसमोरून आळीपाळीने जातोय.

"गेर्लोफ, तुला सांगतो—" हेसल म्हणायचा, आणि मी गेलेला.

"—फार सोपं आहे," दंतवैद्य म्हणायचा.

"—वीज तोड—"

"—तिसऱ्या फरशीच्या मागे—"

"—सगळी तोड, मुडद्या—"

टोक रस्त्याला भिडायचं त्या एका श्वासात लोक घुसायला बघायचे. पाववाली बाई सायकलवरून पलीकडे निसटली, तिच्या टोपलीतला एक पाव माझ्या मांडीवर पडला. मग काठावर चरणारी हेसलची एक गाय आत आली आणि बाहेर पडायला घाबरली. ती माझ्या खोलीत तोंड घालून पडद्याकडे बघत उभी राहिली. मी तिला म्हटलं, तुला काही कळतंय का. तिने नाकाने एक फरशी दाबली आणि पूल थांबला.

"गायीने," वोपके म्हणाला.

"कुत्रा चालतो तर गाय का नाही?"

थांबला, पण कुठे? बरोबर रस्त्याला आडवा. दोन्ही टोकं पाण्यावर. सुरुवातीला होतो तिथेच, वर एक गाय.

त्यानंतर पूल हलला नाही. मी प्रत्येक फरशी दाबली. प्रत्येक फरशीत दुसऱ्या फरश्या, आणि कुठूनही मागे फिरलं की तोच डोंगरातला पूल. एकीने माझा पासवर्ड मागितला, जुना दिला तर म्हणाली फार साधा आहे, नवा दिला तर म्हणाली मी तुम्हाला ओळखत नाही. एकीने विचारलं, आज तुम्हाला कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, सगळे हसरे, कमीजास्त.

आणि चर्चच्या मनोऱ्यात पावणेचार झाले.

माझं घर पुलावरून दिसतं. दगड मारला तर अंगणात पडेल इतकं जवळ. आमच्याकडे पडदे ओढायची रीत नाही. ओढले तर शेजारी म्हणतात, काय लपवताय. त्यामुळे मला सगळं दिसत होतं. अंगणात माझी टोपी घातलेली बाहुली. कुंपणाला टेकवलेल्या सायकली. मेहुण्या येताहेत, हात मिळवताहेत, अभिनंदन, अभिनंदन. खुर्च्या भरत गेल्या. खिडकीसमोरची एक रिकामी राहिली. एक काका तिच्यात बसायला गेला तर रिन्स्केने त्याला हाताला धरून उठवलं.

तेवढ्यात पडद्यावर फुगे वर गेले. मी देवाशपथ सांगतो. "आज रिन्स्केचा वाढदिवस आहे. शुभेच्छा पाठवायच्या? हो. नंतर."

काय करणार? मी "हो" दाबलं. तेवढं एक मात्र त्या यंत्राला लगेच जमलं. समोर खिडकीत रिन्स्केने एप्रनच्या खिशातून फोन काढला, वाचला, आणि वर बघितलं. सरळ माझ्याकडे. मी हात वर केला. तिने केला नाही.

ती आत वळली आणि सुरी आणायला गेली.

क्लबातल्या शेगडीत एक लाकूड खाली बसलं. मला या ठिकाणी नेहमी थोडी बेरेनबुर्ग, आमची कडू दारू, लागते, घशासाठी. ती घेतली आणि पुढे निघालो.

तर हेसलच्या ट्रॅक्टरला त्याची ओढे ओलांडायची काठी बांधलेली असते. टिटवीची अंडी शोधायला शेतात गेलं की आमचे लोक ओढ्यात काठी रोवतात, तिच्यावर चढतात आणि पलीकडे पडतात. तळाला थाळी असते, म्हणजे काठी चिखलात रुतत नाही. पोरं त्याच्या शर्यती लावतात. तरुणपणी मी या कालव्यावरून उडी मारलेली आहे, दोन्ही दिशांनी. मी ओरडलो, हेसल, काठी सोड. त्याने ती पाण्यातून ढकलली, मी गळाने ओढून घेतली.

"आणि पूल?" वोपके म्हणाला. "उघडा पूल सोडून पूलवाला हलत नाही म्हणालास."

"गायीला उभी केली राखणीला. माझी शिट्टी तिच्या गळ्यात घातली."

"बरं."

कोट घातला, बटणं लावली. पुलाच्या टोकाला गेलो, काठी कालव्यात रोवली, आणि उडी घेतली. काठी सरळ उभी राहिली, मी वर चढत गेलो, चढत गेलो, काठी संपली तरी चढत होतो. चर्चच्या कळसावरचा पत्र्याचा कोंबडा मला डोळ्यासमोर दिसला, त्याच्या डाव्या पंखाला गंज लागलाय, जाऊन बघा. मग काठी कलली. खाली दंतवैद्य तोंड उघडून बघत होता, सगळ्या दाढा सोन्याच्या. मी कुंपणावरून गेलो, बाहुलीच्या डोक्यावरून टोपी उचलली, खिडकी उन्हाळ्यामुळे उघडी होती, आणि मी आत आलो तो सरळ खुर्चीत. मनोऱ्यात चारचा पहिला ठोका पडत होता. बशी हातात, गुलाबी साखरेचा ओरान्येकूक केक समोर, आणि रिन्स्केने सुरी घातली.

"पँट?" वोपके म्हणाला.

"कोरडी."

"कोट?"

"एक सुरकुती नाही. मी उजवीकडच्या काकाशी हात मिळवला, म्हटलं, अभिनंदन. रिन्स्केने पहिला तुकडा मला दिला, सगळ्यांसमोर गालाचा मुका घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विचारा तिलाच, बसली आहे इथे."

रिन्स्केच्या सुया थांबल्या. तिने मोजा मांडीवर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"गेर्लोफ, तू ओढा ओलांडतानाही पडतोस," ती म्हणाली. "उडी कसली मारतोस. सहा वाजेपर्यंत वाट बघितली आणि केक झाकून हेसलच्या होडीत बसले. तू त्या पडद्यासमोर कोट घालून बसला होतास, सगळी बटणं लावून, आणि त्या यंत्राला 'प्लीज, प्लीज' म्हणत होतास. डोळे माझ्याच एप्रनला पुसलेस. तू आला नव्हतास. मी आले होते."